खडा, ओठ आणि ‘गरज पडल्यास’

मुतखडा म्हटलं की माणूस लगेच कंबरेला हात लावतो. पित्ताशयातला खडा तर आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दर मजल्यावर एक सापडेल. पण ‘तोंडात खडा झालाय’ म्हटलं की लोक हसतात. तांदूळ नीट निवडले नव्हते का, म्हणून विचारतात. अहो, तांदळातला नाही. लाळेतला! तुमच्याच लाळेतला चुना साचून साचून तुमच्याच जिभेखाली तयार झालेला. हसू नका. ज्याला होतो तो ताटावर बसला की रडतो.

मी ओटीतली सिस्टर. पालव सिस्टर. घाटकोपरच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात, कान-नाक-घशाच्या ऑपरेशन थिएटरमध्ये उभी राहून राहून पायांच्या शिरा फुगवून घेतल्या आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. ट्रेनिंग कुठे झालं, नोकरीला कधी लागले, ते सांगत बसत नाही, ते सगळं सर्व्हिस बुकात आहे. अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, ‘सिस्टर, छानशा आठवणी लिहा, दिवाळी आहे.’ छानशा आठवणी बाळंतपणाच्या वॉर्डातल्या सिस्टरकडे मागा. माझ्याकडे राग आहे. तो चालत असेल तर छापा, म्हटलं. छापताहेत म्हणजे चालला असावा.

आधी हे काम काय ते सांगते. जबड्याच्या हाडाखाली दोन्ही बाजूंना अक्रोडाएवढी एकेक गाठ असते. ती लाळ तयार करते. तिथून शेवईएवढी एक नळी निघते आणि जिभेखाली, अगदी पुढे, उघडते. तोंड एवढंसं, सुईच्या टोकाएवढं. नळीत खडा अडकला की लाळ तुंबते. चिंचेची आमटी नुसती समोर आली तरी गाठ लाळ सोडते, वाट मिळत नाही, आणि जबड्याखाली लिंबाएवढा फुगा येतो. दुखतं म्हणजे काय, जीव नकोसा होतो. अर्ध्या तासाने फुगा उतरतो. पुढच्या जेवणाला परत हजर.

ओपीडीत आम्ही लिंबाची फोड ठेवायचो. पेशंटच्या जिभेवर पिळायची आणि जीभ वर करून बघायचं. एका बाजूने लाळेचा थेंब येतो, दुसरी बाजू कोरडी. दोन मिनिटांत निदान. पण या दोन मिनिटांपर्यंत पोचायला लोकांना दोन-दोन वर्षं लागायची हो! कुणी दाढ काढून घेतलेली, कुणी गालगुंड म्हणून लेप लावलेला. पवईच्या एका ऑफिसातला साहेब आला, त्याने कॅन्टीन बदललं होतं, मग कंपनी बदलली, मग घरचा डबा सुरू केला. फुगा आपला येतोच आहे. गोराईची एक मासेवाली मावशी आली. तिचं म्हणणं, पापलेटाचा काटा रुतलाय. ‘काटा हाय गो सिस्टर, दुसरा काय नाय.’ काटा खाली जावा म्हणून तिने तीन महिने रोज सुक्या भाताचे गोळे गिळले होते. म्हटलं, मावशी, पापलेटाला एवढे काटे असतात होय? तर माझ्यावरच डाफरली, ‘तू माझेला मासे शिकवते?’ तिचा खडा बाहेर आला तो तिने रुमालात बांधून नेला, गावात दाखवायला.

आता हा खडा काढायचा कसा? दोन वाटा आहेत. पहिली जुनी: मानेला बाहेरून चीर द्यायची आणि खड्यासकट अख्खी गाठच काढून टाकायची. दुसरी नवी: शेवईहूनही बारीक दुर्बीण त्या सुईच्या टोकाएवढ्या तोंडातून आत सरकवायची, पाणी सोडत सोडत खडा दिसेपर्यंत जायचं, दुर्बिणीतून तारेची बारीकशी जाळी पुढे काढायची, तिला आम्ही बास्केट म्हणतो, त्यात खडा पकडायचा आणि अलगद बाहेर घ्यायचा. चीर नाही, टाका नाही, बहुतेक जण दुसऱ्या दिवशी घरी. मोठा खडा असा निघत नाही, हेही सांगते. आणि कधी कधी गाठ खरंच सडलेली असते, ती काढावीच लागते. पण लहान खड्यासाठी गाठ काढणं म्हणजे नळाच्या तोंडात कचरा अडकला म्हणून टाकी फोडणं.

आणि त्या जुन्या वाटेवर एक धोका आहे. जबड्याच्या कडेने दोऱ्याएवढी एक नस जाते. खालच्या ओठाची नस. चीर देताना ती ताणली गेली, दुखावली, तर ओठ एका बाजूने वाकडा होतो. काहींचा काही महिन्यांनी सुधारतो. काहींचा नाही सुधारत.

आमच्याकडे ती दुर्बीण होती! एका दानशूर कुटुंबाने दिलेली. आली तेव्हा हार घालून फोटो काढले. मग कुणीतरी धुताना ती वाकवली, दुरुस्तीला गेली, आणि परत आली ती थेट कपाटात. आमचे मोठे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, म्हणाले, ‘त्या खेळण्याला हात लावायचा नाही. गाठ काढा, विषय संपवा.’ सरांचा हात चांगला होता, खोटं बोलणार नाही. पण जे त्यांना येत नव्हतं ते जगात नव्हतंच, असा त्यांचा खाक्या.

त्या काळात परबकाका आले. मरोळच्या इंडस्ट्रीत लेथवर काम करणारा माणूस, आमच्या कुडाळकडचाच. एक्स-रेत खडा दिसला, तांदळाच्या दाण्याएवढा. लिस्टवर लिहून आलं: गाठ काढणे. मी ट्रे लावला. दुर्बीण त्या ट्रेपासून दहा पावलांवर कपाटात होती. आणि अंधेरीच्या एका हॉस्पिटलात हे दुर्बिणीचं काम चालतं, हेही मला माहीत होतं. काकांच्या मरोळहून रिक्षाने पंधरा मिनिटं! मी बोलले नाही. सिस्टरने बोलायचं नसतं. आपलेच दात, आपलेच ओठ, असं म्हणत आम्ही हॉस्पिटलवाले फार गोष्टी गिळतो. या म्हणीत गिळणाऱ्याचा ओठ शाबूत असतो, एवढंच.

काकांचा ओठ पडला. सर म्हणाले, ‘येईल हळूहळू.’ सहा महिने झाले, वर्ष झालं, आला नाही. तपासणीला यायचे तेव्हा हातात कायम नॅपकिन. चहा प्यायला दिला तर म्हणायचे, नको, गळतो. एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, ‘सिस्टर, तुम्ही आपल्या गावच्या, खरा सांगा. दुसरी वाट नव्हती ना?’

‘नव्हती, काका,’ मी म्हटलं.

असं सरळ तोंडावर खोटं बोलले मी. त्या माणसाला बरं वाटावं म्हणून बोलले, अशी मी स्वतःची समजूत घालायचे. कसलं काय! मला माझी नोकरी प्यारी होती.

पुढे केतकी मॅडम आल्या. तरुण सर्जन, चेहऱ्यावरून कॉलेजात शिकणारी वाटेल. बाहेरून हे दुर्बिणीचं काम शिकून आल्या होत्या. पहिल्याच आठवड्यात मला विचारलं, ‘सिस्टर, आपल्याकडे लाळेची दुर्बीण आहे म्हणे, कुठाय?’ मी किल्ली काढून हातात दिली. सर चिडले, धुसफुसले, पण ट्रस्टींना दान दिलेल्या कुटुंबाला तोंड दाखवायचं होतं, म्हणून परवानगी मिळाली. आम्ही कामाला लागलो. मॅडमचा हात म्हणजे काय सांगू! ते सुईचं तोंड रुंद करायला एकाहून एक जाड सळया घालाव्या लागतात, जरा जोर लागला की नळी फाटते आणि खोटीच वाट तयार होते. मॅडम श्वास धरून काम करायच्या. मी शेजारी उभी राहून पाणी सोडायचे. आमची जोडी झकास जमली. पवईवाला साहेब आणि गोराईची मावशी त्याच दिवसांतली.

आणि आता माझी गोष्ट. म्हणजे माझी चूक.

ती जी तारेची बास्केट, ती एकदाच वापरायची असते. पाकिटावर दोनचा आकडा आणि त्यावर काट मारलेली असते, म्हणजे दुसऱ्यांदा नको. पण आमच्या स्टोअरचा कायदा वेगळा. मोडकी दाखवा, नवी घ्या. स्टोअरचा इन्चार्ज म्हणायचा, ‘सिस्टर, बाकी एवढ्या वस्तू उकळून-बिकळून वापरता ना, मग हीच काय सोन्याची लागून गेली?’ मी दोनदा अर्ज केला. ‘वापर जपून करावा’ असा शेरा मारून परत आला. मग मी जपून वापर केला! तारांमधलं रक्त बारीक ब्रशने काढायचं, गॅसने निर्जंतुक करून घ्यायची, नव्या पाकिटात सील करायची. यात गैर काही वाटायचंच नाही हो. आमची आई दुधाच्या पिशव्या धुऊन वाळत घालायची, ती सवय माझ्या हाडात. एक बास्केट मी चार केसेसना चालवली. सगळे म्हणायचे, पालव सिस्टरच्या हातात वस्तू टिकते. मला गुदगुल्या व्हायच्या. मॅडमने एकदा विचारलं होतं, ‘सिस्टर, नवी आहे ना?’ मी म्हटलं, ‘टकाटक चालते, मॅडम.’ त्यांनी नवीबद्दल विचारलं होतं. मी चालण्याबद्दल सांगितलं.

अशात खांबेटे बाई आल्या.

मृणाल खांबेटे, मुलुंडच्याच. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवायच्या, लहान मुलांचा वर्ग. ज्या पोरांना ऐकू येत नाही त्यांना ओठ बघून शब्द ओळखायला आणि स्वतः बोलायला शिकवायचं, हे त्यांचं काम. मला कौतुक वाटलं, मी विचारलं, कसं हो शिकवता? तर त्यांनी ओपीडीतच माझा हात आपल्या तोंडासमोर धरला. ‘प’ म्हटलं, हाताला वारा लागला. ‘ब’ म्हटलं, नाही लागला. ‘ओठ दोन्हीला सारखेच मिटतात, सिस्टर. वाऱ्यावरून ओळखायचं. माझ्या वर्गात मेणबत्ती असते. प म्हटलं की ज्योत हलते. पोरं खिदळतात.’ मग त्या एकदम गंभीर झाल्या. म्हणाल्या, ‘मला एका डॉक्टरांनी सांगितलं, गाठ काढताना ओठ वाकडा होऊ शकतो. लिपस्टिकची वगैरे हौस नाही हो मला. पण हा ओठ म्हणजे माझा फळा आहे. तो वाकडा झाला तर मी पोरांना वाकडंच शिकवणार.’

मॅडमने तपासलं. खडा लहान, भिजलेल्या साबुदाण्याएवढा, नळीच्या मध्यावर. दुर्बिणीने होईल, म्हणाल्या. बाई रडल्याच.

पण आमच्याकडे संमतीपत्राची एक रीत होती. ऑपरेशनचं नाव लिहायचं आणि पुढे ठोकून द्यायचं, ‘गरज पडल्यास ग्रंथी काढून टाकण्यास माझी संमती आहे.’ ही ओळ मुळात वाईट नाही. काही ऑपरेशनांत अशी मोकळीक असावी लागते, नाहीतर माणूस टेबलावर जायचा. पण आमच्याकडे ती रबरी शिक्क्यासारखी प्रत्येक कागदावर. गरज कुणाची, ते कुणी विचारत नाही! सर्जन कंटाळला, पडली गरज. पुढची केस लागायची आहे, पडली गरज. आणि सही कशी घेतात? पहाटे सहाला पेशंटला उठवायचं, चष्मा बाजूला काढून ठेवलेला, ‘इथे, इथे आणि इथे’. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, तोही पेशंटच्या सहीनिशी.

आदल्या संध्याकाळी मी मुद्दाम वॉर्डात गेले. बाईंना म्हटलं, ‘उद्या कागद येईल तो चष्मा लावून वाचा. त्यात गाठ काढायची ओळ असेल. ती नको असेल तर खोडा आणि बाजूला सही करा. तुमचा हक्क आहे.’

त्यांनी विचारलं, ‘आणि खडा निघाला नाही तर?’

‘तर खड्यासकट घरी जाल. मग दुसरा विचार करू. ही काही तातडीची केस नाही.’

बाईंनी ओळ खोडली. नुसती नाही, लाल पेनाने, पट्टी लावून! मास्तरीणबाईच त्या. सकाळी कागद ओटीत आला आणि सरांचा आवाज सगळ्या कॉरिडॉरभर. ‘हे हिला कोणी शिकवलं?’

‘मी,’ मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

‘सिस्टर, तुम्ही ट्रे लावायचं बघा. सर्जरी आम्ही बघतो.’

‘ट्रेच लावतेय, सर. गाठ काढायचा ट्रे परत कपाटात ठेवला, कारण तो पेशंटला नकोय.’

बाजूला भूल देणाऱ्या डॉक्टरांना हसू आवरेना, त्यांनी मास्क वर ओढला. सर लाल होऊन निघून गेले. मी मनात म्हटलं, शाब्बास गो बाय, आज खरी सिस्टर झालीस. हात दाखवून अवलक्षण कशाला म्हणतात, ते मला पुढच्या तासाभरात कळणार होतं.

सुरुवात छान झाली. नाकातून नळी घालून भूल दिली, जिभेखालचं तोंड सापडलं, सळया गेल्या, दुर्बीण गेली. पडद्यावर गुलाबी बोगदा आणि टोकाला पिवळा खडा. मॅडम म्हणाल्या, ‘बास्केट.’ मी दिली. माझी लाडकी, चार केसेस केलेली. खडा पहिल्याच झटक्यात पकडला. मी तर टाळीच वाजवणार होते. मॅडम बाहेर ओढू लागल्या. तोंडापासून जेमतेम पेराएवढ्या अंतरावर नळी अरुंद होती, तिथे खडा अडकला. अशा वेळी बास्केट उघडायची, खडा सोडायचा, जागा थोडी रुंद करून परत यायचं. मॅडमने मुठीवरची खीळ दाबली. बास्केट उघडेना. परत दाबली. एक तार खड्यात रुतून बसलेली, वाकडी. पुढेही जाईना, मागेही येईना, सोडताही येईना.

मॅडमने माझ्याकडे बघितलं. मास्कवर नुसते डोळे. मला त्या क्षणी कळलं की ती तार का उघडत नाही. माझ्या ब्रशने, माझ्या जपणुकीने ती तार आधीच दमलेली होती.

कुणीतरी सरांना सांगितलं असणार. ते दारात हजर. पडद्यावर नजर टाकली आणि म्हणाले, ‘अडकली ना? मला माहीतच होतं. मान उघडा. गाठ, खडा, तार, सगळं एकदम काढू.’

‘सर, पेशंटने ती ओळ खोडलीय,’ मॅडम म्हणाल्या.

‘पेशंट झोपलीय. नवरा बाहेर बसलाय. त्याची सही घ्या.’

आणि सरांचा एक माणूस कागद घेऊन बाहेर गेलासुद्धा! अहो, शुद्धीत असताना बाईने लाल पेनाने नाही म्हटलंय, आणि तिला झोपवून तिच्या नवऱ्याकडून हो म्हणवून घ्यायचं? तिचा ओठ काय नवऱ्याच्या नावावर आहे? निर्जंतुक हातमोजे चढवलेले असल्यामुळे मला जागेवरून हलता येत नव्हतं. हलता आलं असतं तर मी तो कागद फाडला असता. नवरा बिचारा भाबडा, त्याला ‘आत गुंतागुंत झालीय’ एवढंच सांगितलं की तो मुंबई लिहून देईल.

मॅडमचा आवाज थंड होता. ‘सिस्टर, जबड्याच्या फ्रॅक्चरच्या ट्रेमधला वायर कटर.’

मी फिरतीवरच्या, म्हणजे बाहेरून सामान आणून देणाऱ्या मुलीला ओरडून सांगितलं, ट्रे आला, उघडला, कटर दिला. मॅडमने बास्केटची मूठ बाहेरच्या बाहेर कापून टाकली. मग दुर्बीण तारेवरून अलगद मागे सरकवून काढून घेतली. आता जिभेखाली नुसती तार, आणि तिच्या आतल्या टोकाला खडा. ‘तार ताणून धरा, पण ओढू नका.’ मी धरली. मॅडमने तोंडाच्या आतून, तारेच्या मागावर, जिभेखालच्या मऊ पडद्याला नखाएवढी चीर दिली. बोटाने खडा चाचपला. नळीवर दुसरी चीर. आणि तो टपकन बाहेर, बास्केटसकट. नळीत एक बारीक नळी ठेवून दोन टाके घातले. मानेला ओरखडाही नाही.

खडा स्टीलच्या ट्रेमध्ये पडला आणि दार उघडून कागद आत आला. नवऱ्याने सही केली होती.

सर म्हणाले, ‘नशीब तुमचं.’ आणि गेले.

केस संपल्यावर मी ती कापलेली बास्केट दिव्याखाली धरली. रुतलेली तार मुळाशी पिळवटलेली, आणि तो पीळ जुना होता. ताजी मोड चमकते, ही काळवंडलेली. मी मॅडमना दाखवली आणि सांगितलं, ‘ही पाचवी केस होती हिची.’

त्यांनी ती माझ्या हातातून घेतली, उलटसुलट करून बघितली. मग म्हणाल्या, ‘मी तुम्हाला विचारलं होतं, सिस्टर.’

‘हो.’

‘मग?’

मग काय? माझ्याकडे स्टोअरचे शेरे होते, परत आलेले अर्ज होते, आईच्या दुधाच्या पिशव्या होत्या. सगळ्या हॉस्पिटलवर डाफरणारी मी, आणि पेशंटच्या तोंडात वाकडी तार मीच घातली होती. आदल्या संध्याकाळी त्याच बाईला हक्क शिकवून आले होते. ‘तुमच्यासाठी वापरलेली बास्केट आहे, चालेल का?’ असं विचारायला माझी जीभ झडली होती?

दुसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले. बाई उठून बसलेल्या, हातात छोटा आरसा. तोंड सुजलेलं, बोलायला त्रास, पण चालूच. ‘प. फ. ब. भ. म.’ फ म्हणताना खालचा ओठ वरच्या दातांना नीट लागत होता. सरळ. दोन्ही बाजूंनी सारखा. मला बघून त्यांनी माझे दोन्ही हात धरले. ‘सिस्टर, तुमच्यामुळे...’

‘थांबा,’ मी म्हटलं. ‘आधी ऐका.’ आणि सांगितलं सगळं. बास्केटचं, चार केसेसचं, कटरचं. नवऱ्याकडून घेतलेल्या सहीचंही.

त्यांनी माझे हात सोडले.

मला वाटलं होतं, म्हणतील, जाऊ द्या, कबूल केलंत ना. कथांमध्ये म्हणतात तसं. बाई भडकल्या! टाके ओढले जात होते तरी बोलल्या. ‘कागद वाचा म्हणून मला सांगितलंत. आणि जे कागदावर नव्हतं ते? ते मी कुठे वाचायचं होतं?’ नवरा खुर्चीत खाली मान घालून बसलेला. त्यालाही सोडलं नाही. ‘आणि तुम्ही! मी खोडलेलं तुम्हाला दिसलं नाही?’ तो पुटपुटला, ‘ते म्हणाले, उशीर करू नका...’

मी म्हटलं, ‘बाई, तक्रार लिहा. लेखी. माझं नाव घालून.’

‘लिहिणारच आहे,’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही लिहा म्हटलं नसतं तरी लिहिली असती.’

दोन पानं लिहिली, शुद्ध मराठीत. एक मुद्दा जुन्या बास्केटचा. दुसरा मुद्दा, पेशंटने नाकारलेल्या गोष्टीला ती बेशुद्धीत असताना नवऱ्याची सही घेतली त्याचा.

चौकशी बसली. मला बोलावलं. मी सगळं कबूल केलं आणि माझे दोन परत आलेले अर्जही टेबलावर ठेवले. अर्जांकडे कुणी बघितलं नाही. मला मेमो मिळाला: निष्काळजीपणा. मिळायलाच हवा होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्याच आठवड्यात स्टोअरमधून नव्या बास्केटांचा खोका आला, न मागता! आणि दुसऱ्या मुद्द्याचं काय? ‘रुग्णाच्या हितासाठी घेतलेला निर्णय’ असं एक वाक्य, आणि फाइल बंद. सर त्या दिवाळीत सत्काराला फेटा बांधून बसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसंही नाही, कारण मी काही संन्यासी नव्हते. पण चोर सोडला, एवढं नक्की. केतकी मॅडमनी वर्षभरात ते हॉस्पिटल सोडलं. ‘गरज पडल्यास’चा शिक्का मी रिटायर झाले त्या दिवसापर्यंत तसाच चालू होता.

नळीतली नळी काढायला खांबेटे बाई तीन आठवड्यांनी आल्या. माझ्याशी बोलतील असं वाटलं नव्हतं. मी ट्रे घेऊन उभी होते, त्याच माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, ‘शाळेत रुजू झाले. पोरांना ओठ कळतोय.’

‘बरं झालं,’ मी म्हटलं.

‘इतके दिवस बाई कुठे होत्या, म्हणून विचारत होती. मी सगळं सांगितलं. जुनी तार, तुमचं कबूल करणं, ह्यांची सही. लपवून काय करायचंय? पोरांनी विचारलं, सिस्टरला शिक्षा झाली का? मी म्हटलं, हो, झाली.’

‘खरंच आहे.’

‘मग त्यांनी विचारलं, आणि डॉक्टरला?’

मी ट्रे खाली ठेवला.

‘आमच्या वर्गात बोलताना पोरांकडे पाठ करत नाहीत, सिस्टर. बाईने तोंड फिरवलं की त्यांचं ऐकणंच बंद होतं. सव्वीस वर्षांत मी कधी फिरवलं नाही. त्या दिवशी खडू घेतला आणि फळ्याकडे तोंड करून उभी राहिले.’